युद्धनौका आणि पाणबुड्या शत्रूपासून लपतात कशा? कोकण किनाऱ्यावरून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हर्णै, मिरकरवाडा, मालवण, अलिबाग अशा बंदरांवरून आणि किनाऱ्यावरच्या कॉलेजांतून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. सुरुवातीला सोपे घेतले आहेत, अडचणीचे शेवटी. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. 'स्टेल्थ' जहाज म्हणजे रडारवर दिसतच नाही का?

दिसतं, पण उशिरा दिसतं. लपण्याचं सगळं शास्त्र सापडण्याचं अंतर कमी करण्यापुरतं आहे, आणि तेवढंही फार महाग पडतं.

रडारला जहाज जेवढं मोठं भासतं त्या आकड्याला रडार-छेद म्हणतात, तो चौरस मीटरमध्ये मोजतात. रडारची लहर जाताना पसरते, परत येतानाही पसरते, त्यामुळे प्रतिध्वनी अंतराच्या चौथ्या घाताने क्षीण होतो. म्हणून रडार-छेद निम्मा केला तरी शोध-अंतर फक्त १६ टक्क्यांनी घटतं. अंतर निम्मं करायचं तर छेद सोळाव्या भागावर आणावा लागतो.

मग एवढा खटाटोप कशाला? समजा, क्षेपणास्त्राच्या नाकातल्या रडारला ४० किलोमीटरवर सापडणारं जहाज आता २० वर सापडतं. सेकंदाला २८० मीटर वेगाने येणाऱ्या क्षेपणास्त्राच्या हिशेबात ही सुमारे ७० सेकंदांची कमाई आहे. शिवाय जहाज फसवे ढग उडवतं, म्हणजे धातूचा मुलामा दिलेल्या बारीक तंतूंचे. जहाज मुळात लहान भासत असेल तर तो ढग त्याच्याहून मोठा दिसणं सोपं जातं. आमच्या मते रडार-छेद कमी करण्याचा खरा फायदा हाच.

२. शत्रू जहाज शोधतो तरी कशाकशाने?

पाण्यावर रडार (प्रश्न ३, ४), उष्णता टिपणारे कॅमेरे (१२), जहाजाने स्वतः सोडलेल्या रेडिओ लहरी (१३), आणि आजही माणसाचे डोळे. पाण्याखाली सोनार, म्हणजे आवाजावरून शोध घेणारं यंत्र (५ ते ९), लोखंडाचं चुंबकत्व (१०) आणि गंजातून वाहणारी वीज (११). एक खूण झाकली की दुसरी उघडी पडते, म्हणून सगळ्या एकत्र हाताळाव्या लागतात.

३. नव्या युद्धनौकांच्या भिंती तिरप्या का असतात?

एक चौरस मीटरचा सपाट पत्रा रडारसमोर अगदी काटकोनात धरला, तर ३.२ सेंटिमीटर लांबीच्या लहरीला (समुद्रावरची बरीच रडारं याच पट्ट्यात चालतात) तो सुमारे १२,००० चौरस मीटरचा भासतो. तोच पत्रा थोडा कलवला की प्रतिध्वनी आकाशात किंवा पाण्यात निघून जातो आणि परत फार थोडा येतो. म्हणून जहाजाची बाजू आणि वरचा इमला काही अंशांनी आत किंवा बाहेर झुकवतात, आणि शक्यतो सगळे पृष्ठभाग मोजक्याच दिशांना तोंड करतील असं बघतात.

सपाट भिंतीपेक्षाही घातक असतो कोपरा. दोन किंवा तीन पत्रे काटकोनात भेटले की लहर आत उड्या मारून जिथून आली तिथेच परत जाते, जहाज कितीही डोललं तरी. जुन्या नौकांवर असे कोपरे शेकड्यांनी होते: शिडीखालची खोबण, होडी टांगायचे हात, नांगराची यंत्रं, कठडे. नव्या नौकांत होड्या पडद्याआड जातात, नांगराची यंत्रं डेकखाली जातात आणि डोलकाठी जाळीदार न राहता बंद, तिरप्या पत्र्यांची होते. भारतात बांधलेली अशी पहिली फ्रिगेट (मध्यम आकाराची युद्धनौका) म्हणजे मुंबईच्या माझगाव डॉकमधली 'शिवालिक', २९ एप्रिल २०१० रोजी नौदलात आली. त्याच गोदीतली 'निलगिरी' १५ जानेवारी २०२५ रोजी दाखल झाली. दोघींचे फोटो शेजारी ठेवले तर वरच्या इमल्यावरची अडगळ किती कमी झाली ते सहज दिसतं.

बिघडतं ते रोजच्या वापरात. उघडा राहिलेला दरवाजा, नंतर जोडलेला दिव्याचा कंस, डेकवर बांधलेली लोखंडी पेटी, दुरुस्तीत वाकलेला पत्रा: यांतली एकेक गोष्ट आरेखनात मिळवलेलं बरंच काही घालवते. समुद्रावर निघण्यापूर्वी डेक मोकळा करणं हा लपण्याच्या तयारीचाच भाग आहे.

४. रडार शोषणारा रंग लावला की झालं ना?

आकार चुकला असेल तर रंग तो सावरू शकत नाही. रंग किंवा रबरी थर आकार बदलता येत नाही अशा जागी लावतात: डोलकाठीचा सांधा, तोफेचा बुंधा, खिडक्यांच्या कडा. एका साध्या प्रकारात थराची जाडी लहरीच्या पाव लांबीएवढी ठेवतात. वरून आणि मागून परतलेल्या लहरी मग एकमेकींना मारतात. ३ सेंटिमीटरच्या लहरीसाठी हे अंतर हवेत साडेसात मिलिमीटर, आणि थर ज्या पदार्थाचा असेल त्यात त्याहून कमी.

म्हणजेच हा थर एका ठरावीक पट्ट्यातच नीट चालतो. वीस सेंटिमीटर लहरीच्या रडारपुढे त्याचा उपयोग नगण्य. खाऱ्या हवेत त्याच्या कडा सुटतात. आणि देखभालीत कोणी त्यावर साध्या रंगाचे दोन-तीन हात मारले की जाडी बदलते आणि थर नको त्या लहरीला जुळतो. जहाज मात्र नवं कोरं दिसत राहतं, त्यामुळे ही चूक मोजणी केल्याशिवाय कळत नाही.

५. पाणबुडीचा आवाज नेमका कुठून येतो?

तीन जागांवरून, आणि वेगानुसार त्यांचा क्रम बदलतो.

मंद वेगात यंत्रांचा आवाज वरचढ असतो: पंप, पंखे, वीज बदलणारी उपकरणं. यांची कंपनं पायामधून अंगात आणि अंगातून पाण्यात उतरतात. उपाय म्हणजे यंत्र रबरी पायांवर, ते पाय एका जड तराफ्यावर आणि तो तराफा पुन्हा रबरी पायांवर. नळही मध्ये लवचीक तुकडा घालूनच भिंतीला जोडतात. इथे सगळ्यात जास्त घात होतो तो क्षुल्लक गोष्टीने: तराफा आणि भिंत यांच्यामध्ये अडकलेला एक पाना, किंवा ताणून बांधलेली केबल. कंपनाला पूल मिळतो आणि दुहेरी रबराचा सगळा खर्च वाया जातो.

वेग वाढला की पंख्याची, म्हणजे प्रोपेलरची पाळी. पातं वेगाने फिरलं की त्याच्या पाठीवरचा दाब इतका घसरतो की पाणी थंड असूनही उकळतं, बुडबुडे होतात आणि फुटतात. हा तडतडाट दूरवर ऐकू जातो. खोल गेलं की तो दबतो, कारण दर १० मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो. म्हणून ज्या वेगाने १५ मीटरवर पंखा तडतडतो त्याच वेगाने ९० मीटरवर तो गप्प असू शकतो. पाती लांब, मागे वळलेली आणि बहुधा सात ठेवतात. विषम संख्या असली की सुकाणूमागच्या मंद पाण्यात सगळी पाती एकदम शिरत नाहीत आणि ठोके पसरतात.

तिसरा आवाज अंगावरून सरकणाऱ्या पाण्याचा. आपल्या उबदार पाण्यात याला जोड मिळते ती तळाला चिकटणाऱ्या धारदार शिंपल्यांची. आगोटीला होडी वर ओढून तळ खरवडणाऱ्या कोणालाही ते सांगायला नको. पंख्याच्या पात्यावर असा एक शिंपला बसला तरी बुडबुडे अपेक्षेपेक्षा कमी वेगात सुरू होतात. धक्क्याला बराच काळ बांधून राहिलेली पाणबुडी बुडी मारणाऱ्या माणसांकडून पंखा घासून घेतल्याशिवाय गस्तीवर पाठवू नये ती याचसाठी.

६. पाणबुडीच्या अंगावर रबराच्या लाद्या असतात म्हणे. त्या कशासाठी?

दोन कामांसाठी: बाहेरून आलेला सोनारचा आवाज गिळायचा आणि आतला आवाज बाहेर जाऊ द्यायचा नाही. लादीत बारीक पोकळ्या असतात. आवाजाच्या दाबाने त्या चेपतात, रबर ताणलं जातं आणि ऊर्जेची उष्णता होते. ही कल्पना जर्मनांनी दुसऱ्या महायुद्धात वापरली. त्यांचा थर फक्त ४ मिलिमीटरचा होता आणि पहिली अडचण आली ती गोंदाची: पत्रे समुद्रात सुटायचे आणि फडफडणारा तुकडा स्वतःच आवाज करायचा. लाद्या सुटण्याचा त्रास आजही संपलेला नाही. खोलीवर दाबाने पोकळ्या चपट्या होतात, त्यामुळे खूप खाली लादीचं काम मंदावतं. कमी वारंवारतेच्या सोनारपुढेही ती कमी पडते, कारण लहर लादीच्या जाडीच्या मानाने फार लांब असते.

७. डिझेल पाणबुडी इतकी शांत असते तर ती पकडली कशी जाते?

बॅटरीवर ती शांत असते, पण बॅटरी उतरते. मग पाणबुडीला पेरिस्कोपच्या खोलीवर येऊन हवेची नळी वर काढावी लागते आणि डिझेल इंजिनं चालवावी लागतात. त्या वेळात नळी रडारला दिसू शकते, धुराची ऊब कॅमेऱ्याला दिसते आणि इंजिनाचा आवाज सोनारला. एकूण वेळेतला किती हिस्सा असा उघड्यावर जातो, तो पाणबुडीच्या लपण्याचा खरा हिशेब. वेग वाढवला की हा हिस्सा झपाट्याने वाढतो, कारण लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते: वेग दुप्पट तर बॅटरीवरचा भार सुमारे आठपट.

यावरचा उपाय म्हणजे हवेशिवाय वीज करणारी यंत्रणा. अंबरनाथच्या नौदल साहित्य संशोधन प्रयोगशाळेने फॉस्फोरिक आम्लाच्या इंधनघटावर चालणारी अशी यंत्रणा विकसित केली, आणि तिच्या जमिनीवरच्या नमुन्याची महत्त्वाची चाचणी मार्च २०२१ मध्ये झाली. ती माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या कलवरी वर्गाच्या ६७.५ मीटर लांब पाणबुड्यांसाठी आहे. या वर्गातल्या दुसरीचं नाव 'खांदेरी', थळसमोरच्या आपल्या बेटावरून. अणुपाणबुडीला वर यावं लागत नाही, पण तिच्या अणुभट्टीला थंड करणारी यंत्रणा कधीच पूर्ण थांबवता येत नाही.

८. कोकणासमोरच्या समुद्रात पाणबुडीला लपणं सोपं की अवघड?

ऋतू, वेळ आणि खोली विचारल्याशिवाय याचं उत्तर देता येत नाही. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो, पण पाणी ३० अंशांवरून २५ वर आलं की हा वेग ११-१२ मीटरने घटतो. उलट १०० मीटर खोल गेल्याने दाबामुळे तो जेमतेम पावणेदोन मीटरने वाढतो. आवाज नेहमी कमी वेगाच्या पाण्याकडे वळतो. म्हणजे किरण कुठे वळणार हे आपल्याकडे मुख्यतः तापमान ठरवतं.

वाऱ्याने घुसळलेल्या वरच्या थरात तापमान सारखं असतं. तिथे आवाज हलकेच वर वळत पृष्ठभागालगत दूर जातो. त्या थराखाली पाणी झपकन थंड होतं आणि तिथे शिरलेला आवाज खाली वळतो. दोन्हींच्या मध्ये सावली पडते. नौकेच्या तळाला बसवलेलं सोनार पाणबुडीला या सावलीत सहजी ऐकत नाही. म्हणून शिकारी नौका सोनार दोरीने थराखाली सोडते, आणि हेलिकॉप्टरही सोनार पाण्यात बुडवून ऐकतं.

एप्रिल-मेमध्ये ऊन कडक आणि वारा कमी, तेव्हा हा थर उथळ होतो. दुपारी तर अगदी वरचं पाणीही तापून आवाजाला लगेच खाली वळवतं, आणि सकाळी नीट चालणारं सोनार दुपारी आंधळं होतं. १९३० च्या दशकात अमेरिकी नौदलाला क्यूबाजवळ हाच अनुभव आला. चालकांचा आळस असेल असं आधी वाटलं, मग पाण्याचं तापमान खोलीनुसार मोजल्यावर कारण सापडलं. आज कुठलीही शोधमोहीम ते मोजल्याशिवाय सुरू होत नाही.

दुसरी गोष्ट उथळपणाची. मुंबईसमोर समुद्रबूड जमीन शेकडो किलोमीटर पसरली आहे आणि दक्षिणेकडे अरुंद होत जाते. उथळ पाण्यात आवाज तळ आणि पृष्ठभाग यांच्यात आपटत जातो. किनाऱ्याजवळचा चिखल तो गिळतो, बाहेरच्या अंगाची वाळू त्यातला बराच परत फेकते. प्रत्येक खडक आणि बुडालेलं जहाज सोनारवर पाणबुडीसारखा ठिपका उमटवतं. शिकाऱ्याचा गोंधळ होतो, पण पाणबुडीलाही खाली पळायला जागा उरत नाही. उथळ पाण्यात शांत थांबलेली पाणबुडी किती घातक ठरते हे ९ डिसेंबर १९७१ रोजी दीवसमोर दिसलं. पाकिस्तानी पाणबुडी 'हँगोर'ने भारतीय युद्धनौका 'खुकरी' बुडवली आणि १८ अधिकारी व १७६ नौसैनिक गेले.

९. पावसाळ्यात काय बदलतं? आणि मासेही आवाज करतात ना?

लाटा आणि पाऊस यांचा गोंगाट इतका वाढतो की मंद आवाज त्यात बुडतात. पेरिस्कोपही लाटांच्या प्रतिध्वनीत रडारला सापडत नाही. नद्यांचं गोडं पाणी किनाऱ्याजवळ वर तरंगतं आणि नवा थर तयार होतो.

मासे आवाज करतात, आणि भरपूर. घोळ आणि ढोमा हवेची पिशवी स्नायूंनी थरथरवून ढोलासारखा आवाज काढतात. होडीच्या फळीला कान लावून तो ऐकणारे तांडेल किनाऱ्यावर आहेत. थवा जमला की त्या पट्ट्यातलं सोनार भरून जातं. चिमट्याने टिचक्या मारणारी कोळंबी खडकाळ तळावर रात्रंदिवस कडकडत असते.

१०. जहाज चुंबकाने कसं सापडतं? आणि अलिबागच्या वेधशाळेचा याच्याशी संबंध काय?

पोलादी जहाज पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात चुंबक बनतं. एक भाग त्या घडीचा, जहाज वळलं की बदलणारा. दुसरा कायमचा, बांधताना ठोकाठोकीत आणि वेल्डिंगमध्ये मुरलेला. १९३९ मध्ये जर्मनांनी याच खुणेवर फुटणारे सुरुंग टाकले, आणि तेव्हापासून उपाय सुरू झाले.

त्या घडीच्या भागासाठी जहाजात तीन दिशांना तारांची वेटोळी असतात: उभं, लांबीचं आणि रुंदीचं चुंबकत्व मारणारी. प्रवाह जहाजाच्या दिशेप्रमाणे आपोआप बदलतो. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं, त्यामुळे कोकणात क्षेत्र बरंचसं आडवं आहे. इथे जहाज उत्तरेला तोंड करून आहे की पूर्वेला याने मोठा फरक पडतो. उत्तरेच्या समुद्रात उभा भाग वाढतो आणि तारांचे आकडे नव्याने लावावे लागतात. कायमच्या भागासाठी जहाजाभोवती जाड केबल गुंडाळून उलटसुलट, क्रमाने कमी होत जाणारे प्रवाहाचे झटके देतात. मोठी दुरुस्ती झाली किंवा जहाज महिनोन्महिने एकाच दिशेला बांधून ठेवलं की हे बिघडतं आणि पुन्हा मोजावं लागतं.

अंतर दुप्पट झालं की ही खूण आठव्या भागावर येते, म्हणून विमानातला चुंबकमापक पाणबुडीला काहीशे मीटरच्या टप्प्यातच पकडतो. गोव्याच्या 'हंसा' या नौदल तळावरच्या पी-८आय या सागरी टेहळणीच्या विमानांवर असा मापक आहे.

पृथ्वीचं हे मूळ क्षेत्र आपल्या भागात कुलाब्याला १८४१ पासून मोजत होते. मुंबईत विजेची ट्राम येणार हे कळल्यावर तिच्या प्रवाहांनी मोजणी बिघडेल म्हणून १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा सुरू केली, आणि दोन वर्षं दोन्हीकडे मोजून आकडे जुळवले. इमारतीला चुंबकत्व नसलेला पोरबंदरचा दगड वापरला. जवळचं लोखंड आणि वीज क्षेत्र कसं वाकवतात याची तिथे घेतलेली काळजी आणि जहाजावर घ्यायची काळजी एकच आहे.

११. होडीला लावतो त्या जस्ताच्या पट्टीचा यात काय संबंध?

जस्त गंजतं आणि पोलाद वाचतं, तेव्हा दोघांमध्ये समुद्रातून वीज वाहते. पितळी पंखा आणि पोलादी अंग यांच्यातला हा प्रवाह शाफ्टमधून, म्हणजे पंखा फिरवणाऱ्या दांड्यातून, परत येतो, आणि शाफ्ट फिरताना त्याचा संपर्क कमीजास्त झाला की प्रवाह त्याच तालात थरथरतो. संवेदनशील सुरुंगाला हा ताल ओळखता येतो. म्हणून शाफ्टवर घासणारे ब्रश बसवून संपर्क सलग ठेवतात. ब्रश झिजला किंवा त्यावर तेल आलं की खूण परत येते. दर फेरीला तपासायची ही गोष्ट आहे.

१२. धूर आणि उष्णता कशी झाकतात?

गॅस टर्बाइनचा धूर ५०० अंशांच्या आसपास निघतो. धुराड्यात बाहेरची हवा खेचून तो थंड करतात आणि तापलेली धातू आडोशात ठेवतात. धुराड्याचा पत्रा ५०० वरून २५० अंशांवर आला तर त्याचं उत्सर्जन साधारण पाचव्या भागावर येतं. मेच्या उन्हात जहाजाची बाजूही तापते, तिच्यावर समुद्राच्या पाण्याचे फवारे मारतात. कोकणची दमट हवा उष्णतेच्या लहरी बऱ्याच गिळते, तेवढी मदत आपोआप मिळते.

१३. युद्धनौका रडार बंद ठेवून चालते का?

हो, गरज असेल तेव्हा. चालू रडार शत्रूला त्या रडारच्या स्वतःच्या टप्प्यापेक्षा दुरून कळतं, कारण शत्रूपर्यंत लहर एकेरी जाते, प्रतिध्वनीला दुहेरी प्रवास. जहाजाची ओळख सांगणारी एआयएस यंत्रणा युद्धनौकांवर बंधनकारक नाही. टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम मात्र त्यांनाही लागू आहेत.

१४. क्षितिजापलीकडचं जहाज रडारला दिसू शकत नाही, हे नक्की ना?

एरवी नक्की. २५ मीटर उंचीवरच्या रडारला १६ मीटर उंच जहाज सुमारे ३७ किलोमीटरपर्यंत दिसतं. पण पावसाळ्यापूर्वीच्या गरम, कोरड्या हवेखाली समुद्रालगत दमट हवा अडकते आणि लहरी त्या थरात कोंडून क्षितिजापलीकडे जातात. दुसऱ्या महायुद्धात मुंबईच्या रडारवर अरबस्तानच्या किनाऱ्याचे प्रतिध्वनी आले होते. पावसाळा लागला की हा थर मोडतो. उन्हाळ्यात क्षितिजावर भिस्त ठेवून लपणारं जहाज इथे फसतं.

१५. हे लपणं सगळं आधुनिकच का?

साधनं आधुनिक, युक्ती जुनी. १६७९ मध्ये इंग्रजांनी खांदेरीला वेढा घातला तेव्हा मराठ्यांच्या कमी खोलीच्या होड्या रात्री उथळ पाण्यातून सामान पोहोचवत होत्या. मोठ्या जहाजांना तिथे पाठलाग करता येत नव्हता.

१६. आमची फायबरची होडी रडारवर नीट दिसत नाही. म्हणजे ती स्टेल्थच ना?

फायबर आणि लाकूड लहरीला बरंचसं आरपार जाऊ देतात, आणि इंजिन पाण्याच्या पातळीजवळ असल्याने लाटांआड जातं. मच्छीमाराला हा धोका आहे. प्रश्न ३ मधला कोपरा इथे परावर्तक, म्हणजे लहर परत फेकणारा, म्हणून कामाला येतो. ३० सेंटिमीटर कडांचे तीन त्रिकोणी पत्रे एकमेकांना काटकोनात जोडले तर तो कोपरा ३.२ सेंटिमीटर लहरीला सुमारे ३३ चौरस मीटरचा भासतो. कडा १५ सेंटिमीटर केली तर फक्त २ चौरस मीटर, म्हणून लहान परावर्तक घेण्यात अर्थ नाही. सगळ्या दिशांना तोंड करणारा आठ कोपऱ्यांचा घ्या, काठीवर जमेल तितका उंच आणि घट्ट बांधा. पत्रा वाकू देऊ नका: काटकोन दोन-तीन अंशांनी बिघडला तरी प्रतिध्वनी बराच पडतो.

१७. रात्री इंजिन बंद करून जाळ्यावर थांबलो, तर पाणबुडीला आम्ही ऐकू येतो का?

बहुधा नाही. पाणबुडी वर येताना मुख्यतः कानांवर अवलंबून असते. चालता ट्रॉलर तिला दुरून ऐकू येतो, पण इंजिन बंद करून वाहत्या जाळ्याबरोबर थांबलेली होडी तिच्यासाठी जवळजवळ निःशब्द असते. आजूबाजूला वीस ट्रॉलर चालू असतील तर त्यांच्या गोंगाटात ती आणखी हरवते. प्रश्न ८ मधली सावली दोन्ही बाजूंनी लागू आहे: थराखालच्या पाणबुडीला वरचं नीट ऐकू येत नाही. २१ नोव्हेंबर २०२४ रोजी गोव्याच्या वायव्येला सुमारे ७० सागरी मैलांवर 'मारथोमा' ही मासेमारी नौका आणि नौदलाची स्कॉर्पीन (कलवरी वर्गातली) पाणबुडी यांची टक्कर झाली. तेरापैकी अकरा खलाशी वाचले.

म्हणून थांबलेल्या होडीवर नियमाचे दिवे पूर्ण लावा: ट्रॉलरला वर हिरवा खाली पांढरा, इतर मासेमारीला वर लाल खाली पांढरा. बॅटरी वाचवायला एआयएस बंद करू नका. त्याचा अँटेना जेवढा उंच तेवढा त्याचा पल्ला. व्हीएचएफ रेडिओचं १६ नंबर चॅनेल कानावर ठेवा आणि एक माणूस जागा ठेवा.